आधी भिजवा, मग नाव विचारा

डॉ. स्नेहल रामटेके वडशाच्या तालमीच्या हॉलमध्ये पहिल्यांदा आल्या, तेव्हा रेवता दोनाडकर स्टेजवर मरत होती. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात तिसऱ्या अंकात कुणीतरी मेल्याशिवाय गावकरी जागचे उठत नाहीत, आणि संध्यातारा नाट्यमंडळात ते काम बहुतेक वेळा रेवताकडेच यायचं. तालीम असली तरी ती मन लावून मरायची. शामराव गहाणे पेटीवर करुण सूर धरून बसलेले. डॉक्टर दारातच थांबल्या, मरण पुरं होऊ दिलं, आणि मग संकोचत टाळ्या वाजवल्या.

रेवता पदराने घाम पुसत खाली आली. नागपूरच्या मेंदू-संशोधन केंद्रातून कुणीतरी येणार हे तिला ठाऊक होतं, कशासाठी ते ठाऊक नव्हतं.

"तुमच्याकडे एक वाक्य आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आम्हाला ते हवंय."

"नाटकातलं?"

"हो. 'घाम थांबला, बोल बरळला. आधी भिजवा, मग नाव विचारा.' आम्ही कुरखेड्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरलो, उष्माघाताबद्दल तुम्हाला काय आठवतं म्हणून. सरकारी सूचना एकालाही धड सांगता आल्या नाहीत. पण हे वाक्य किती जणांनी म्हटलं! चालीवर म्हटलं. हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं नाही कुणी," रेवता म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघालं."

शामरावांनी पेटीचा भाता बंद केला.

रेवताचा नवरा धनपाल या मंडळाचा विनोदी नट होता. तो नुसता विंगेतून डोकावला तरी लोक हसायला लागत. मूत्रपिंडाच्या आजाराने तो गेला, त्याला आता सहा-सात वर्षं होत आली होती. त्यानंतर विनोदी पात्रं दुसऱ्यांनी केली आणि लोक हसलेही. पण रेवताला अजून विंगेत उभं राहिलं की समोरच्या विंगेत तो दिसेल असं वाटायचं. आपण अशी वाट बघतो हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर आल्या होत्या 'ठसा'च्या कामासाठी. ठसा एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. बटणाएवढी चकती कानामागे चिकटवायची, एखादं वाक्य ऐकायचं, आणि ते जन्मभर विसरायचं नाही. माणूस दिवसभरात हजार गोष्टी ऐकतो, त्यातल्या दोन-चार राहतात. कुठल्या राहाव्यात हे मेंदूच्या आतला एक लहानसा भाग ठरवतो. ऐकताना हसू फुटलं, धक्का बसला, डोळ्यांत पाणी आलं, की पुढच्या काही क्षणांत तिथे विजेच्या बारीक लहरी उमटतात. लहर उमटली तर गोष्ट राहिली, नाही तर वाऱ्यावर गेली. कीर्तनकार, शाहीर, नट, जाहिरातवाले हे सगळे आजवर नकळत त्या लहरीच्याच मागे होते. ठसा ती लहर बाहेरून उमटवत असे. त्यासाठी ना गोष्ट लागे, ना चाल, ना नट.

पोरांचे पाढे ठशावर पाठ झाले, कारखान्यातले कामगार धोक्याच्या सूचना ठशावर शिकले. आणि मग संध्याताराचे जनजागृतीचे प्रयोग एकेक करत बंद पडले. पोलिओ, साप, हुंडा, दारू, या सगळ्यांवर रेवताने नाटकं लिहिली होती. आता त्यांच्यासाठी कुणी बोलावत नव्हतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, त्या दिवसांत करमणुकीची नाटकं तेवढी उरली. तीही होळीपर्यंतच, कारण उन्हाळा आता फेब्रुवारीतच ठाण मांडून बसायचा आणि सूर्य बुडाल्यावरही मंडपात बसवत नसे.

"तुमचा ठसा असताना आमचं वाक्य कशाला?" रेवताने विचारलं. तिच्या आवाजात थोडी धार आलीच.

डॉक्टरांनी ती ऐकली आणि मान्य केली. "कारण म्हाताऱ्यांवर ठसा चालत नाही. वयानुसार त्या लहरी क्षीण होतात. आम्ही बाहेरून कितीही ढकललं तरी त्या उठत नाहीत. आणि उन्हाने सगळ्यात जास्त मरतात ती म्हातारीच माणसं. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्याच्या मनात एखादं वाक्य फार खोल रुजलंय, त्याच्या मेंदूतली लहर टिपून घेतली आणि ती म्हाताऱ्या मेंदूला ऐकवली, तर तो तिला साथ देतो."

"म्हणजे पेटीनं सूर द्याचा अन् गळा त्याइचा," शामराव म्हणाले.

"अगदी तेच." डॉक्टर रेवताकडे वळल्या. "हे वाक्य पाठ असलेले पुष्कळ आहेत. पण तुमच्याइतकं खोल कुणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. तपासून बघायला हवं."

तपासणी सरकारी दवाखान्याच्या एका खोलीत झाली. शामरावांचीही झाली. शामरावांच्या डोक्यात वाक्याची चाल पक्की होती, पण लहर साधीच होती. रेवताने मात्र ते वाक्य मनात आणताच पडद्यावरची रेघ अशी उसळली, की डॉक्टर खुर्चीतून उठल्याच.

उठल्या आणि पुन्हा बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते न चुकता, न लपवता सांगितलं.

"रेवताताई, आठवणीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मजकूर. दुसरी म्हणजे त्याचा धागा, ते कुठे ऐकलं, कुणाकडून, तेव्हा काय चाललं होतं. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा ती थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि मग पुन्हा वाळते. लहर टिपायला तुम्हाला ते वाक्य यंत्र लावून पुन्हा पुन्हा आठवावं लागेल. दर वेळी मजकूर जास्त घट्ट वाळेल आणि धागा सुटत जाईल. तुमच्याआधी दोघांनी आपापली वाक्यं अशी दिलीत. दोघांनाही वाक्य लख्ख आठवतं. ते कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते मात्र गेलं."

"माझे मालक मी विसरीन?"

"नाही. ते तुमच्या हजारो आठवणींत आहेत, त्यांना धक्का नाही. त्या वाक्याचा प्रसंग जाईल. तेवढाच."

"तेवढाच," रेवता म्हणाली आणि उठून घरी गेली.

घरी धनपालची आई होती, भागरथाबाई. रेवता तिला आत्याबाई म्हणे. वय ऐंशीच्या आसपास, पाठ वाकलेली, पण पाय थांबायचे नाहीत. मार्च लागला की ती मोहफुलं वेचायला जायची. पहाटे गेली तर ठीक, पण तिला वेळेचं भान राहत नसे. गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी तिच्या कानामागे ठसा लावून 'दुपारी बाहेर पडू नये' हे वाक्य कितीदा ऐकवलं होतं. म्हातारी चकती काढून हातात द्यायची आणि विचारायची, "काय म्हणत होती व हे?"

रेवताने आठवडाभर डॉक्टरांना काही कळवलं नाही. तालमीत तिचं लक्ष नव्हतं. तो प्रसंग द्यायचा नाही असं ती सकाळी ठरवायची, आणि दुपारी सासू कुठे आहे ते बघत गल्लीभर फिरायची.

त्याच आठवड्यात मागच्या आळीतल्या जनाबाई कापगते शेताच्या वाटेवर ऊन लागून पडल्या. त्यांच्याभोवती माणसं जमली, कुणी पाणी पाजायला बघत होतं, कुणी त्यांच्या मुलाला फोन लावत होतं. मुलगा येईपर्यंत कुणी त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं नाही. त्या घरी परत आल्या त्या तिरडीवर जाण्यासाठीच. रेवता त्यांच्या दारातून परतली ती थेट तालमीच्या हॉलवर. हॉल रिकामा होता, शामराव एकटेच पेटीच्या पट्ट्या पुसत बसले होते.

"मास्तर, मी देऊन टाकते," ती म्हणाली. "पण आधी तुम्हाला सांगून ठेवते. मग माझ्याकडे नाही राहिलं तर तुमच्याकडे राहील."

"ठसा लावू का? म्हंजे सबंध राहील."

"नको. तुमच्या पद्धतीनं राहू द्या."

शामराव भिंतीला टेकून बसले, आणि रेवताने सांगितलं.

"आरमोरीकडच्या एका गावात मंडई होती. तुम्ही पेटी दुरुस्तीला गेला होता म्हणून उशिरा आलात, तुम्ही नव्हता. दिवाळीनंतरचे दिवस, पण ऊन चैत्राचं. त्या वर्षापासूनच उन्हाचं काही खरं राहिलं नाही. संध्याकाळचा प्रयोग होता, हे दुपारीच तोंडाला रंग लावून बसले होते, घाई म्हणून नाही, हौस म्हणून. हवालदाराचा वेश, अर्ध्या मिशा. तेवढ्यात आकाशपाळण्याजवळ गलका झाला. एक माणूस पडला होता. अंग कोरडं ठणठणीत, भलतंच काहीतरी बरळत होता. लोक गोल करून उभे. 'कोण गावचा? कुणाचा रे तू? कोणत्या घरचा?' सगळे तेच विचारत होते. त्याचं नाव कळेपर्यंत कुणी हात लावेना. तुम्हाला कळतं ना, मास्तर, का लावेना ते."

"हाव," शामराव म्हणाले.

"हे धावत गेले. चहाच्या टपरीवरचा पाण्याचा अख्खा रांजण उचलला आणि त्याच्यावर पालथा केला. टपरीवाला ओरडायला लागला. तर हे अर्ध्या मिशीनं त्याच्यावर हवालदारासारखे गरजले, 'आधी भिजवा! मग नाव विचारा!' लोक हसले. हसले आणि हलले. कुणी बादली आणली, कुणी ओलं पोतं. मुलं वारा घालायला लागली. त्या माणसानं डोळे उघडले, आणि नाव सांगितलं. तोवर ते कुणाला ऐकायचंच राहिलं नव्हतं."

मग ती म्हणाली, "संध्याकाळी प्रयोगात त्यांनी ते मध्येच घातलं. हवालदार गाढवाला भिजवतो तिथं. माझ्या एका ओळीचं वाटोळं केलं. मी विंगेत चिडून उभी. प्रयोगानंतर पडद्यामागं रंग पुसता पुसता गुणगुणायला लागले, 'घाम थांबला, बोल बरळला.' चाल तिथंच बसली. मी म्हटलं, हे नाटकात ठेवू या. झालं. एवढंच."

शामराव डोळे मिटून ऐकत होते. "राहील," ते म्हणाले.

दवाखान्याच्या खोलीत ते काम दोन दिवस चाललं. रेवता खुर्चीत बसायची, डोक्याभोवती पट्टा, डॉक्टर हळू आवाजात म्हणायच्या, "आता." आणि रेवता त्या दुपारी जायची. पहिल्यांदा तिला पाळण्याचं कुरकुरणं ऐकू आलं, रांजणातल्या पाण्याचा वास आला, अर्ध्या मिशीखालचा ओठ दिसला. नंतर पाळणा गेला. मग गर्दी पातळ झाली. दुसऱ्या दिवशी एका वेळी ती डॉक्टरांना म्हणाली, "थांबा जरा," आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. रंग लावलेला एक चेहरा होता, तो कुठल्या गावचा होता ते तिला सापडत नव्हतं.

"इथंच थांबवू शकतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "अर्धंमुर्धं झालंय, पण मी काहीतरी करीन."

"अर्ध्यानं आत्याबाईला लागू पडेल?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग चालू द्या."

शेवटी शेवटी नुसतं वाक्य उरलं. स्वच्छ, टणक, चालीसकट. रेवता पट्टा काढून बाहेर आली, बाकावर बसलेल्या शामरावांना म्हणाली, "वाक्य चांगलं आहे हो. कुणाचं?" आणि लगेच, त्यांचा चेहरा बघून, "त्यांचं. माहीत आहे. तुम्ही सांगितलंत, डॉक्टरांनी सांगितलं. माहीत आहे मला."

एप्रिलअखेर नवा ठसा गावोगाव पोचला. भागरथाबाईच्या कानामागे आशाताईंनी चकती लावली, काढली, आणि म्हातारी काही न विचारता गोठ्याकडे गेली. रेवताला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

मे महिन्यात, अंगणातला पत्रा हात लावू देत नव्हता अशा एका दुपारी, दाराशी चटया विकणारा एक परगावचा माणूस आला आणि ओट्यावर बसता बसता कलंडला. रेवता आत होती. तिला भांड्याचा आवाज आला म्हणून ती बाहेर धावली. भागरथाबाईने गुरांच्या पाण्याचं घमेलं त्याच्यावर ओतलं होतं आणि दुसरं भरायला ती वाकत होती. शेजारची दोन माणसं येऊन उभी होती. "कोण व हा, आजी? कुठला?" एकाने विचारलं.

"आधी भिजवा, मग नाव विचारा!" म्हातारी त्याच्यावर खेकसली. खेकसली तेही चालीवर.

शेजाऱ्यांनी हातातलं टाकून बादल्या भरल्या. रेवताने ओली साडी त्याच्यावर टाकली, सुपाने वारा घातला. रुग्णवाहिका आली तोवर त्याला घाम फुटला होता. पुढे त्याने निरोप पाठवला, बरा आहे म्हणून. चटयाही पाठवल्या.

त्या संध्याकाळी भागरथाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. ते वाक्य ती पुटपुटत होती, आवडत्या गाण्यासारखं.

"आत्याबाई, हे कुणी म्हटलं होतं, माहीत आहे का?"

"कोण जाणे बाई. कोणी शहाणा असंल." म्हातारीने थोडा विचार केला. "आपल्याच इकडला वाटते. चाल आपली हाये."

"तुमच्या धनपालनं."

म्हातारीचं पुटपुटणं थांबलं. मग तिने विचारलं, "केव्हा व?"

आणि रेवताला ते सांगता आलं नाही. ऐकलेलं सांगता आलं असतं. मंडई, रांजण, अर्ध्या मिशा, सगळे शब्द तिच्याकडे होते. पण धनपालच्या आईला ऐकलेलं काय सांगायचं, आपल्या तोंडून ते उसनं वाटलं असतं. ती आत गेली आणि चुलीशी उगीच काहीतरी हलवत राहिली.

त्या उन्हाळ्यात गावोगावची माणसं वाचली. वर्तमानपत्रांत ठशाचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. डॉक्टर स्वतः भेटायला आल्या, रेवताच्या पाया पडल्या. रेवताला पश्चात्ताप नव्हता. पण बाजारात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत कुणी म्हातारं माणूस ते वाक्य म्हणालं की ती थबकायची. आपल्या घरचं कुणीतरी हाक मारून पुढे निघून गेल्यासारखं तिला वाटायचं. मागे वळून बघावं, तर तिथे चेहरा नसायचा. बाकीचा धनपाल होता. लग्नातला, आजारपणातला, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून रुसलेला. तिला हवा होता तो नेमका हाच, जो तिने देऊन टाकला होता.

पावसाळ्यात नव्या नाटकाच्या तालमी सुरू व्हायच्या असतात. कुठलं नाटक करायचं, असं मंडळाने विचारलं तेव्हा रेवता म्हणाली, "त्या दुपारचं करू. मास्तर सांगतील, मी लिहीन."

शामराव सांगायला बसले, आणि रेवताच्या ध्यानात आलं की मास्तर फार वाईट सांगतात. रांजण आधी उचलायचा की टपरीवाला आधी ओरडायचा याचा ते घोळ घालत. मधेच पेटी दुरुस्तीला किती उशीर झाला तेच सांगत बसत.

"असं नाही, मास्तर," ती म्हणायची. "माणूस पडला, तिथपासून सांगा. लोकांना आधी त्याची काळजी वाटू द्या. नाव विचारणाऱ्यांचे आवाज वाढवत न्या. मग हे येऊ द्या." आपलीच गोष्ट ती त्यांना सांगायला शिकवत होती, आणि शामराव मान खाली घालून शिकत होते. हळूहळू प्रवेश उभा राहिला. मंडळातल्या नव्या जोडीपैकी प्रणय लांजेवार धनपाल झाला, आणि मृणाली मेश्राम रेवता झाली.

शेवटच्या प्रवेशाची तालीम होती. पडद्यामागची जागा, एक आरसा, एक खुर्ची. प्रणय रंग पुसत गुणगुणत होता. चाल बसली. मृणाली म्हणाली, "हे नाटकात ठेवू या." आणि दोघं थांबली.

"पुढं काय, ताई?" मृणालीने विचारलं. "हे असं लटकतंय. मी म्हणते ठेवू या, आणि मग?"

रेवता शामरावांकडे वळली. "मी ठेवू या म्हटल्यावर ते काय म्हणाले, मास्तर?"

शामरावांनी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "ते तुम्ही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "ठेवू या म्हटलं, झालं, एवढंच, असं म्हणाल्या. अन् थांबल्या."

"एवढंच?"

"मी इचारलं असतं, बाई. पण वाटलं, ते तुमचं असंल. माह्याजवळ ठेवाचं नसंल तुम्हाले."

हॉलच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. रेवता स्टेजसमोरच्या बाकावर बसून राहिली. काहीतरी होतं, इतकं चांगलं की ते तिने मास्तरांनाही दिलं नव्हतं. स्वतःपाशी ठेवलं होतं, आणि म्हणूनच ते आता कुणापाशीच नव्हतं. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. पदर खोचून ती उठली आणि स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिली.

"प्रणय, वाक्य नको," ती म्हणाली. "ती 'ठेवू या' म्हणते, तेव्हा पुसायचं थांब. अर्धा चेहरा रंगाचा असू दे. आणि तिच्याकडे बघ."

"कसं बघू?"

"दिवसभर लोकांकडे बघितलंयस, हसवलंयस. आता हिच्याकडे पहिल्यांदाच बघतोयस असं बघ. हिनं तुझी ओळ ठेवून घेतली."

मृणालीने वाक्य म्हटलं. प्रणयचा हात गालावर थांबला, आणि त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शामरावांनी सूर दिला नाही, कुणी मागितलाही नाही. रेवता स्टेजच्या लाकडावर दोन्ही हात टेकून त्या पोराच्या डोळ्यांकडे बघत होती. असंच होतं का? असं असू शकेल. असंच असणार.

"बस का, ताई?" प्रणयने मान न वळवता विचारलं.

"नाही," रेवता म्हणाली. "अजून बघ."